कपाटाला लावलेला हात

लेकीच्या बाळंतपणासाठी मी जपानला गेले, ती तिचं घर ताब्यात घ्यायच्या तयारीनंच. चंद्रपूरला ऊर्जानगरच्या रस्त्यावर माझी मेस आहे. वीज केंद्रात कंत्राटावर काम करणारी माणसं माझ्याकडे जेवतात. दोन वेळचा स्वयंपाक, भांडी, गॅस, पाणी, रुसवेफुगवे, सगळं मीच बघते. मेस नवऱ्याच्या हवाली करून निघाले, तेव्हा काळजी मला मेसची होती. बाळंतपणाची नव्हती.

जावई वरोऱ्याचे. बोलायला कमी आणि कामाला चांगले. बाळ झाल्यावर काही दिवस घरी थांबले आणि मग कंपनीनं त्यांना दुसऱ्या शहरात पाठवलं. घरात मी, लेक आणि नात. घर समुद्राजवळच्या एका मोठ्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. पूर्वी तिथं पाणी होतं, भराव टाकून जमीन केली, असं लेकीनं सांगितलं होतं. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. भरावावर घरं आमच्याकडेही होतात.

स्वयंपाकघर लहान. त्यात काचेच्या दारांचं, माझ्या डोक्याहून उंच असं भांड्यांचं कपाट. कपाटाच्या डोक्यावरून छतापर्यंत लोखंडाचे दोन आखूड दांडे ताणून बसवलेले. त्यामुळे वरची सगळी जागा फुकट जात होती. मी स्टुलावर चढून दांडे काढले आणि तिथं माझी बॅग ठेवली. बॅगेत डिंकाच्या लाडवांचे डबे, जवसाची चटणी आणि बाळंतिणीचा मसाला कुटायला नेलेला लोखंडी खलबत्ता होता.

लेक बाळाला पाजत बसली होती. तिनं बघितलं.

"आई, ते काढू नको व. कपाट पडू नये म्हणून लावलं हाये."

"एवढं भरलेलं कपाट कसं पडते? आपल्या घरी रोज हलते. एक कप तरी पडला काय आजपर्यंत?"

"तिकडं ब्लास्टिंग होते. इथं भूकंप येते."

"हलायचं ते हलतेच ना."

ती थकलेली होती. म्हणाली, "बरं, मग लावू." ते 'मग' आलंच नाही, कारण दोनदा तिनं आठवण केली आणि दोन्ही वेळा मी विषय लाडवांवर नेला.

ब्लास्टिंगचं सांगायला हवं. आमच्या वस्तीपासून थोड्या अंतरावर कोळशाची उघडी खाण आहे. दुपारी तिकडे भोंगा वाजतो आणि मग जमिनीतून दणका येतो. खिडक्या वाजतात, मांडणीवरचे डबे खुळखुळतात, क्षणात सगळं शांत होतं. अशा वेळी मी वाढता वाढता डावा हात मांडणीला लावते, म्हणजे डबे वाजत नाहीत. मेसमध्ये नवीन आलेला एखादा ताटावरून उठतो, तेव्हा जुने ओरडतात, "बस ना बे, भात खा! पहिल्यांदाच आला काय चंद्रपूरले?" मीही हसते. न उठणं ही आमच्याकडे मोठेपणाची खूण आहे.

त्या दिवशीही दुपारच होती. लेक न्हाऊन बाहेर आली होती आणि बाळ माझ्याकडे होतं. तिचा मोबाइल वेगळ्याच आवाजात केकाटायला लागला. भोंगा. मग जमिनीतून बारीक थरथर आली आणि कपाटातली भांडी वाजायला लागली. माझ्या डोक्यात काहीही विचार आला नाही. बाळ उजव्या हातावर होतं, मी दोन पावलं पुढे गेले आणि डावा हात कपाटाला लावला.

"आई! इकडं ये! टेबलाखाली!"

"होते बंद," मी म्हणाले.

बंद झालं नाही. थरथर वाढत गेली आणि मग जमीन आडवी सरकायला लागली, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, मालानं भरलेल्या ट्रकमध्ये मागे उभं राहिल्यावर पायाखालचं सरकतं तशी. दणका असतो तर संपला असता. हे संपतच नव्हतं. कपाटाची दारं उघडली. बश्या माझ्या खांद्यावरून खाली जायला लागल्या. कपाट माझ्या तळहातावर रेलत होतं आणि मी ते ढकलून धरत होते. छातीशी नात आणि अंगावर येणारं कपाट, अशी मी तिथंच उभी. लेक पुन्हा ओरडली. मी तिला काय म्हणाले ते मला नीट आठवतं. "तू बस, टाके दुखतील."

ती बसली नाही. धावत आली, माझ्या कंबरेला धरून तिनं मला आणि बाळाला मागे ओढलं. आम्ही दोघी जमिनीवर पडलो आणि कपाट आम्ही उभ्या होतो त्याच जागी आडवं झालं. वरची बॅग फुटली. खलबत्त्यातला खल घरंगळत आला आणि लेकीच्या पावलावर बसला. काचांनी तिच्या पायाचा तळवा कापला तो वेगळाच. तिनं बाळाला माझ्या हातातून घेतलं. मागितलं नाही, घेतलं. आम्ही टेबलाखाली गेलो, तेव्हाही घर हलतच होतं.

हलणं थांबल्यावर बाहेरच्या खांबावरचे भोंगे सुरू झाले. लेक म्हणाली, "समुद्राचं पाणी येऊ शकते. गच्चीवर जाचं आहे." लिफ्ट बंद. ती लंगडत, बाळाला घेऊन निघाली. मी मागून. जिन्यात खालच्या मजल्यांवरची माणसं रांगेनं वर येत होती. धक्काबुक्की नाही, आरडाओरडा नाही. पहिल्या मजल्यावरची एक बाई, माझ्याहून वयानं मोठी, डोक्यावर हेल्मेट आणि पाठीवर पिशवी घेऊन चढत होती. लेकीच्या पायाचं रक्त पायऱ्यांवर उमटलेलं तिनं पाहिलं. तिथल्या तिथं पिशवी उघडून तिनं लेकीचा पाय बांधला. मग माझ्याकडे बघितलं. मी रिकाम्या हातानं उभी होते.

गच्चीवर थंडीत बराच वेळ काढला. पाणी बंदराच्या भिंतीपर्यंत चढलं, गोदामांच्या रस्त्यावर आलं आणि आमच्या इमारतीच्या अलीकडेच थांबलं. लोक गच्चीच्या कठड्याशी उभे राहून बघत होते. आमच्या पायाखालची इमारत मधूनच पुन्हा डुलायची आणि सगळे एकदम खाली बसायचे. मी प्रत्येक वेळी सगळ्यात शेवटी बसत होते. मुद्दाम नव्हे. माझ्या अंगाला ते कळतच नव्हतं.

इशारा उठल्यावर दुसऱ्या दिवशी पाणी आणायला खाली उतरले. तेव्हा काय झालं ते नीट दिसलं. आमच्या इमारतीला तडासुद्धा नव्हता, पण तिच्याभोवतीची जमीन खाली बसली होती. दारातून रस्त्यावर उतरायला नवीन पायरी लागत होती. रस्ता भेगाळला होता आणि भेगांतून राखाडी वाळूचा चिखल वर आला होता. विजेचे खांब आडवेतिडवे कललेले. गटाराच्या झाकणांखालची काँक्रीटची नळकांडी गुडघाभर वर निघालेली. माझं माहेर मूल गावाजवळचं, धानाचं. रोवणीच्या आधी चिखलणी केलेली बांधी, म्हणजे भाताचं खाचर, मी लहानपणापासून पाहिली आहे. हे तसंच होतं. फक्त त्यात मोटारी रुतल्या होत्या.

लेकीनं मला समजावून सांगितलं. पायलीचं माप भरताना हलवलं की तांदूळ खाली बसतात. भरावाची वाळूही तशीच बसते, पण तिच्या मधल्या पाण्याला जायला जागा नसते. ते वाळू घेऊन वर येतं आणि तेवढ्या वेळापुरती जमीन पातळ होते. जड असेल ते रुततं, पोकळ असेल ते तरंगतं. इमारतीचे खांब खोल खडकापर्यंत गेलेले असतात म्हणून ती उभी राहते, पण तिला जोडलेले पाण्याचे, गॅसचे, संडासाचे नळ जमिनीबरोबर खाली जातात आणि तुटतात.

"आणि एवढा वेळ काऊन हललं?" मी विचारलं.

"तुमच्या खाणीत एका जागी बार उडते. इथं समुद्राचा तळ जमिनीखाली घुसून राह्यला आहे. कितीक वर्षं अडकून राह्यते आणि मग सुटते. एका जागी नाई सुटत. चंद्रपूरहून नागपूर, नागपूरहून अजून पुढं, एवढं लांब फाटत जाते. ते फाटेपर्यंत हलतच राह्यते."

'तुमच्या खाणीत' म्हणाली ती. याआधी 'आपल्या घरी' असायचं.

नळ आल्यावरही संडासात पाणी टाकायला बरेच दिवस मनाई होती, कारण खालचे पाइप कुठं तुटलेत हे कोणालाच माहीत नव्हतं. रेल्वेचे रूळ वाकले होते, उड्डाणपुलाच्या दोन तुकड्यांमध्ये पायरी पडली होती. त्यामुळे जावई लगेच पोचू शकले नाहीत. पाणी आणणं, जुन्या कपड्यांची लंगोटं करणं, शेगडीवर खिचडी शिजवणं, ही कामं मी चोख केली. ती मला येतात. जी एक गोष्ट करायला पाहिजे होती, ती सोडून सगळं येतं.

फोन लागला तेव्हा मेसमध्ये जेवणं चालू होती. नवऱ्यानं मोबाइल सगळ्यांपुढं फिरवला.

"काकू, तिकडं ब्लास्टिंग लय मोठं झालं म्हणते!"

"काकू तं वाढतच राह्यल्या असन!"

सगळे हसले. नवरा म्हणाला, "पोरगी सांगून राह्यली होती, आईनं बाळाले हातचं सोडलं नाई म्हणून. मी इथी सगळ्यायले सांगतलं."

मी लेकीकडे बघितलं. ती बाळाची दुपटी घडी करत होती, वर बघितलं नाही. तिनं खोटं सांगितलं नव्हतं. मी बाळाला खरंच सोडलं नव्हतं. मी ते घेऊन कपाटापुढं उभी राहिले होते, एवढंच तिनं गाळलं होतं.

"भाजीत मीठ जास्त तं नाई होऊन राह्यलं?" मी विचारलं आणि बोलणं दुसरीकडे वळवलं. नवऱ्याला खरं काय ते तिथंच सांगता आलं असतं. माणसं जेवत होती. मी सांगितलं नाही.

त्यानंतर माझ्या लक्षात यायला लागलं. लेक न्हायला जाताना बाळाला टोपलीत घालून न्हाणीच्या दाराबाहेर ठेवायची आणि दार उघडं ठेवायची. मी पुढे झाले की म्हणायची, "राहू दे आई, तू आराम कर." आराम मी आयुष्यात केलेला नाही. बाळंतपणाला आलेली आई आणि तिला आराम करायला सांगतात! तीन महिने राहायचं ठरलं होतं ते याचसाठी, की तिला बाहेर जावं लागलं तर बाळाजवळ मी असेन.

मग कापलेल्या पायाला घातलेले टाके दाखवायला तिला दवाखान्यात जावंच लागलं. तिथं तोबा गर्दी, बाळाला नेऊ नका असं सांगितलं होतं. सकाळी ती तयार झाली आणि बाळाची पिशवी भरून दाराशी ठेवली.

"पहिल्या मजल्यावरच्या आजींना सांगितलं मी, माझा पाय बांधला त्या. त्यांच्याजवळ ठेवते बाळाले. तूही जा खाली."

मी कणीक भिजवत होते. हात तसेच ठेवून विचारलं, "माझ्याजवळ ठेवत नाई काऊन?"

"राग येईल तुले."

"येऊ दे."

ती दुखऱ्या पायात मोजा चढवत होती. तो चढवून झाल्यावर बोलली.

"तू भेत नाई, आई. म्हणून."

मी परात बाजूला सारली.

"बाळाजवळ भेणारं माणूस पाहिजे मले. तुले सांगून सांगून तू हलत नाई. आता शिकशील, माहीत हाये मले. पण मी तिथं दवाखान्यात बसून राहीन आणि मले वाटत राहीन, आई उभीच असन."

राग आला नाही. यायला काही जागाच नव्हती. मी हात धुतले आणि बाळाला घेऊन जिना उतरले. लेक एक पायरी मागे, कठड्याला धरून. आपल्या नातीला परक्या बाईच्या दारात पोचवायला मी स्वतः गेले. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही. लेक दोन शब्द बोलली, ती बाई वाकली, मीही वाकले. लेक गेली.

बाईच्या घरात उंच काही नव्हतं. जे होतं ते भिंतीला पट्ट्यांनी बांधलेलं. तिनं मला बसायची जागा दाखवली, टेबलाजवळ. मी खिडकीशी बसायला गेले तर तिनं बोट हलवून नाही म्हटलं, काचेकडे दाखवलं, पुन्हा टेबलाकडे दाखवलं. लहान मुलाला सांगतात तसं. चहा दिला. माझ्या ध्यानात आलं की लेकीनं तिला दोघींवर लक्ष ठेवायला सांगितलं असणार.

चहा अर्धा झाला असेल. टेबलावरची बशी वाजायला लागली. माझा हात उठला होता, बशी धरायला. मी तो अर्ध्यातच बघितला. बाई तोपर्यंत बाळासकट टेबलाखाली गेलीसुद्धा होती आणि शेजारच्या जमिनीवर थापट्या मारत मला बोलावत होती. माझे गुडघे दुखतात, साडीचा बोंगा झाला, डोकं टेबलाच्या कडेला आपटलं. कशीतरी आत शिरले. तिनं माझं डोकं हातानं आणखी खाली दाबलं.

हलणं लगेच थांबलं. लहानसाच धक्का होता, आमच्या दुपारच्या दणक्याहूनही हलका. बाई तरी बाहेर निघाली नाही. थोडा वेळ वाट बघितली. बाळ जागं होऊन रडायला लागलं होतं. माझा आवाज त्याच्या ओळखीचा, असं तिला वाटलं असेल. तिनं हसून बाळाला माझ्यापुढं धरलं.

मी मान हलवून नको म्हटलं. बाळ माझ्याकडे द्यायला लेकीनं सांगितलं नव्हतं.