आमदारांचा वर केलेला हात

एकवीस मार्च. आमच्या सहकारी सोसायटीनं चौसाळ्याजवळ चारा छावणी उघडली होती. मी सभासद होते आणि जनावरांची नोंद माझ्याकडे होती. कडुनिंबाखाली एक नव्वदीतले म्हातारे रोज आपल्या एकुलत्या गाईजवळ बसत. बोलायचं झालं की ते आधी हात वर करत आणि कुणी "बोला" म्हणेपर्यंत थांबत. एरवी धुळीच्या धगीत समोरच्या पत्र्यांकडे बघत राहत, जणू तिथं एखादं उंच छताचं, पंखे फिरणारं सभागृह आहे. माणसं त्यांना 'आमदार' म्हणत. मला ते चिडवायचं नाव वाटे.

त्या दुपारी एक मेंढपाळ बाई गाभण गाय घेऊन आली.

"सभासदाचंच जनावर घेतो, बाई. नियम हाय," मी म्हणाले.

"मेंढरं तर गेली, ताई. आता हीबी मरू देऊ का?"

म्हाताऱ्यांचा हात वर गेला. मी लिहीत राहिले. बऱ्याच वेळानं पाहिलं, तर हात तसाच वर होता.

"बोला, आमदार."

"त्यो नियम म्याच केलाय," ते म्हणाले. "मराठवाडा हैदराबाद राज्यात हुता, म्या तिथल्या असेंब्लीत बसायचो, तवा ही सोसायटी काढली. त्या साली लई पाऊस झालता."

एवढं बोलून त्यांनी हात खाली घेतला. बाई गाईसकट फाटकाबाहेर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरून एक खुंटी नेली. आमदारांच्या गाईशेजारी ती ठोकली, बाईची गाय बांधली आणि वहीत सभासदाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं.