डबल सीटचं सेटिंग

मंडळी, आज गाडीचे मागचे शॉकअप बदलले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझी बाईक मागच्या बाजूनं वाढवलेली आहे. माझा मित्र गजू चांगलाच धिप्पाड, म्हणून आम्ही दोघांनी मिळूनच ती लांब करून घेतली. पण दोघं बसलो की शॉकअप पार खाली टेकायचे आणि हा मागून ओरडायचा, "हळू बे, कंबर गेली माही!"

गजू आता पुण्यात असतो. नोकरी, लग्न, सगळं तिकडंच.

आज चिखलीत मिस्त्रीनं नवे शॉकअप बसवले आणि विचारलं, "सिंगल चालवता का डबल? त्या हिशोबानं स्प्रिंग कसतो."

तोंडातून निघून गेलं, "डबल."

बुलढाण्याकडे एकटाच परत निघालो. स्प्रिंग इतकी कडक, की प्रत्येक खड्ड्यात गाडी मला उडवत होती. शेवटी रस्त्याच्या कडेला थांबलो आणि गजूला फोन लावला.

"नवे शॉकअप टाकले बे. कधी येऊन राह्यला?"

"पाहू ना यार, सध्या नाही जमत. मीटिंगमध्ये आहो, मंग करतो."

फोन खिशात ठेवला. शॉकअपसोबत मिळालेला पाना काढला, मातीत बसलो आणि दोन्ही स्प्रिंगा एका माणसापुरत्या ढिल्या केल्या.

त्यानंतर गाडी अशी मऊ चालली, की खड्डा कळेना. इतकी छान ती कधीच चालली नव्हती. कोणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून इथे लिहितोय.

तुमचा मागं बसणारा अजून गावातच आहे का? असेल तर आज त्याला घेऊन एक चक्कर मारून या.