गोजराबाईचा गोव्याचा नारळ

कासार आंबोलीत गोजराबाईसारखं चाकवताचं गरगट कुणाला जमायचं नाही आणि तिच्यासारखं फटकळ बोलणंही. गावाबाहेरच्या बंगल्यात पुण्याच्या डिकुन्हाबाई शनिवार-रविवार यायच्या, त्यांचा स्वयंपाक ती करायची. चौऱ्याहत्तर सालच्या डिसेंबरात बाईंनी तिला सोबतीला गोव्याला नेलं. तिथं झेवियर साधूचा देह दर्शनाला काढला होता. चारशे वर्षांपूर्वी गेलेला माणूस, पण कुजलेला नाही.

देवापुढं रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून गोजराबाईनं गावातूनच नारळ नेला. रांग सरकत सरकत काचेच्या पेटीपाशी आली, तर फोडायला दगड नाही, घ्यायला गुरव नाही. तिथल्या पाद्रीबाबानं हसत नारळ पेटीला टेकवला आणि परत तिच्याच हातात दिला.

गावी आल्यावर ओसरीवर बाया जमल्या. गोजराबाई रंगात आली. "एका बाईनं पाया पडायचं निमित्त केलं आन साधूच्या पायाचं बोट दातानं तोडलं. घरी ठिवायला. भळाभळा रगत आलं म्हन्त्यात, तवा घावली."

"मेलेल्याला रगत?" तिची थोरली जाऊ चंद्राबाई म्हणाली. "गोजरे, तू बसलीस पुन्यात भांडी घाशीत आन हितं थापा मारतीस. गेली हुतीस तर परसाद कुटं हाय?"

"ह्यो काय नारळ. साधू कुजला न्हाई, त्याला लागल्याला नारळ बी कुजायचा न्हाई."

"मग फोड की."

आता आली पंचाईत. नासका निघाला तर गोजराबाई जन्माची खोटारडी ठरणार. "जत्रंला फोडू," म्हणून तिनं तो चुलीवरच्या शिंक्यात टाकला. पुढं चार महिने पाणवठ्यावर चंद्राबाई रोज विचारायची, "साधू बरा हाय का गं?"

माघात गोजराबाईनं नारळ हलवला, पाणी वाजेना. चैत्रात हलवला तर आत नुसतं खडखड. तिनं तो तसाच परत शिंक्यात ठेवला.

"गपचिप दुसरा आनू का?" तिचा नवरा सोपान म्हणाला.

"आना. आन त्यो साधूला टेकवायला तुमीच गोव्याला जावा."

जत्रेदिवशी अख्खी आळी लोटली. चंद्राबाई नाकाला पदर लावूनच पुढं बसली. गोजराबाईनं डोळे मिटून नारळ दगडावर हाणला. करवंटी फुटली आणि आतून तांबूस, सुरकुतलेला खोबऱ्याचा गोटा घरंगळत चंद्राबाईच्या पायाशी गेला. वास नाही की बुरशी नाही.

गोजराबाईनं एक डोळा उघडला, मग दुसरा.

"अगदी असाच हुता बगा साधू," ती म्हणाली. "वाळल्याला, आकसल्याला, पर नासका न्हाई."

मग तिनं विळीवर फोडी केल्या. सगळ्या बाया करकर चावायला लागल्या. चंद्राबाईही तोंड हलवत होती, पण हात पदराच्या गाठीशी चालला होता.

"अक्का, खाल्लं का खोबरं?" गोजराबाईनं विचारलं.

"खाल्लं की."

"मग गाटीत काय बांधलं?"

चंद्राबाई इकडंतिकडं बघायला लागली. "जरासं घरी ठिवते," ती हळूच म्हणाली.

"ठिवा की," गोजराबाई म्हणाली. "त्या बाईला रगतानं उघडं पाडलं. तुमचं बरं हाय, खोबऱ्याला रगत न्हाई."