कोरडी पडलेली खाडी

एम.एस्सी.ला असताना, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, जळगावच्या आमच्या कॉलेजात समुद्रकाठच्या एका संशोधन संस्थेतले सर सहा आठवडे शिकवायला आले. विषय होता गणिती प्रतिमानं. म्हणजे नदी, हवा, भरती-ओहोटी यांचं वागणं समीकरणांत बसवायचं आणि पुढे काय होईल ते आधीच सांगायचं. सहा आठवड्यांनंतर वर्गातल्या दोघांना ते आपल्या संस्थेत पुढच्या शिक्षणासाठी नेणार होते. वर्गात आम्ही चौदा जण होतो आणि समुद्र एकानेही पाहिलेला नव्हता.

मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की मी वर्गात कोणाशी धड बोलत नव्हते. घरी वडिलांनी, म्हणजे नानांनी, आधीच सांगून टाकलं होतं, "निवड व्हयनी ते जाय. नही व्हयनी ते धुयाले बी.एड. करी टाक." फॉर्मही त्यांनी आणून कपाटात ठेवला होता. नाना शब्दाचे पक्के. त्यामुळे माझ्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा निकाल या सहा आठवड्यांत लागणार होता.

सरांची रीत साधी होती. आधी आपलं गणित करून आलेख काढायचा, मग सर आपलं बंद पाकीट उघडून खरी मोजमापं दाखवणार. पहिलं काम त्यांनी दिलं ते असं, आपल्या गावातलं कुठलंही वाहतं पाणी घ्या आणि ते कुठे, किती वेळात पोचेल ते सांगा. मी शनिवारी एस.टी. पकडून गावी गेले. आमचं गाव पांझरेच्या काठी. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि एकेका फडाला पाळीने पाणी देतो. फड म्हणजे एकाच पिकाखालचा सगळ्यांचा मिळून शेतांचा पट्टा. पाळी सांभाळणारे पाटकरी म्हणजे आमच्या गल्लीतलेच एक म्हातारे आबा. पाटाची लांबी मी पावलांनी मोजली, रुंदी दोरीने घेतली, पाळी चालू असलेल्या शेजारच्या पाटात बाभळीच्या शेंगा सोडून घड्याळावर वेग काढला. वहीत हिशेब मांडला आणि आबांना ऐटीत सांगितलं, की उद्या पाणी सोडल्यावर पाऊण तासात शेवटच्या फडाला पोचेल.

पोचलं ते दोन तासांनी. आबा तोवर बांधावर बसून माझ्याकडे बघत मजेत तंबाखू मळत होते. "पोरी, तुनं गणित बठ्ठं बरोबर शे," ते म्हणाले. "पन पाट सोता पहिले पाणी पेस, मंग पुढे जाऊ देस."

मला राग आला, पण आबांचंच खरं होतं. आठवडाभर कोरडा पडलेला पाट दर पावलाला पाणी शोषत होता. मग मी शंभर-शंभर पावलांवर काठ्या रोवल्या, कुठे किती पाणी कमी होतं ते मोजलं आणि समीकरणात शोषणाचा एक आकडा घातला. पुढच्या पाळीला माझं उत्तर पाच मिनिटांनी चुकलं, फक्त पाच. सरांनी सगळ्या वर्गासमोर माझी वही वर धरून दाखवली. त्यानंतर माझे पाय जमिनीला लागेनात.

शेवटचं काम होतं खाडी. खाडीच्या तोंडाशी भरती-ओहोटी किती होते ते सर देणार, आतल्या टोकाला तीन दिवसांत पाणी किती चढेल-उतरेल ते आम्ही सांगायचं. कॉलेजच्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर प्रत्येकाला एकदाच पाळी. मी माझा लाडका शोषणाचा आकडा अर्थातच घातला. आता मला कोण शिकवणार होतं?

आलेख घेऊन मी फळ्यापाशी उभी राहिले. माझ्या खाडीत भरती आत शिरत होती, पण अर्ध्या वाटेत संपत होती. आतल्या टोकाला तीन दिवसांत पाण्याचा थेंबही नव्हता.

सरांनी चष्मा काढला. "या टोकाला आमच्याकडचे कोळी होड्या लावतात. त्या तुम्ही कुठे नेल्या?"

"पाणी काठांनी शोषलं, सर," मी ठणकावून सांगितलं.

गंमत म्हणजे वर्गात कोणीही हसलं नाही. सगळे आमच्याच भागातले. दोघातिघांनी तर माना डोलावल्या, त्यात काय, कोरडी जमीन पाणी पिणारच. हसू आवरत होते ते एकटे सर. त्यांनी शांतपणे विचारलं, "खाडीतला गाळ शेवटचा कोरडा कधी झाला होता?"

माझं तोंड एवढंसं झालं. जो गाळ कायमच पाण्याने चिंब आहे तो आणखी काय पिणार? समुद्राला मी आमच्या गावचा पाट करून टाकलं होतं. धुळ्याचं बी.एड. कॉलेज मला फाटकासकट दिसायला लागलं.

मधल्या सुट्टीत मी जेवले नाही. तो आकडा खोडला आणि कॅल्क्युलेटरवर एका भरतीपुरतं गणित हाताने पुन्हा केलं. सुट्टी संपता संपता कागद सरांपुढे ठेवला. त्यांनी आपल्या पाकिटातला आलेख त्यावर धरला. दोन्ही रेघा जवळजवळ एकावर एक बसल्या. पण मला आनंद झाला नाही, कारण पाळी एकदाच होती आणि ती मी घालवली होती.

"तो आकडा आणला कुठून?" सरांनी विचारलं. मी पाटाची, काठ्यांची, आबांची सगळी हकीकत सांगून टाकली. बोलता बोलता रडूही आलं, त्याची लाज वाटली. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मला जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी फलकावर दोन नावं लागली. दुसरं माझं होतं. मी ते तीनदा वाचलं आणि मैत्रिणीकडून वाचून घेतलं. सरांना कारण विचारायचं धाडस तेव्हा झालं नाही; पुढे कधीतरी विचारलं तेव्हा म्हणाले, आकडा स्वतः मोजून आणणाऱ्या आणि चुकल्यावर स्वतःच खोडणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात.

घरी सांगितलं तेव्हा नाना उठले. कपाटातून बी.एड.चा फॉर्म काढला, दोन घड्या करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला. मला वाटलं, रागावले. पुढच्या आठवड्यात माझ्याबरोबर जळगाव स्टेशनवर आले, रांगेत स्वतः उभे राहिले आणि खिडकीतून दोन तिकिटं घेऊन परतले.

"नाना, हाई दुसरं कोनं?"

"मनं," नाना म्हणाले आणि तिकिटं सदऱ्याच्या खिशात जपून ठेवत रुळांकडे बघू लागले. "मी बी कोठे देखेल शे समुद्र?"