आधी उत्तर, मग प्रयोग

ठाण्याच्या आमच्या कॉलेजात एक प्राध्यापक भौतिकशास्त्र शिकवतात. प्रयोगाचा इतिहास सांगताना मध्येच थांबून चष्मा पुसतात आणि म्हणतात, "पूर्वी माणूस ग्रंथाला विचारायचा, आता निसर्गाला विचारतो. निसर्ग नाही म्हणाला, तर ऐकायचं." दरवर्षी वर्ग टाळ्या वाजवतो.

यंदा प्रॅक्टिकलच्या परीक्षेला मी त्यांच्यासोबत सहपरीक्षक होतो. एका मुलीचं लंबकाचं उत्तर पुस्तकातल्यापेक्षा कमी आलं.

"सर, दोरा ताणला जातोय. पुन्हा मोजलं, तरी तेवढंच येतंय."

"अगं, उत्तर माहितीये ना? मग त्यावरून रीडिंग्ज काढून लिही. सगळे तेच करतात."

तिने आकडे बदलले नाहीत.

"मग सर, लंबक टांगलाय कशाला?"

"कॉलेज तपासणीची कमिटी येते ना बघायला," असं शांतपणे सांगून त्यांनी तिला नापास केलं.