बोटावरचा मासा

माझे बाबा गळाला काठी लावत नाहीत. पाण्याच्या रिकाम्या बाटलीला नायलॉनचा तंगूस गुंडाळायचा, टोकाला गळ बांधायचा आणि पाण्यात फेकला की तंगुसाचा ताण पहिल्या बोटावर घ्यायचा. शिरवण्याच्या आमच्या गावतलावावर जुनी माणसं अशीच बसतात. काठी-चक्री घेऊन येतात ते सोसायट्यांमधले. मासा लागला की आधी मोबाइलवर व्हिडिओ काढतात, म्हणून त्यांना बाबा 'शूटिंगवाले' म्हणतात.

पाण्याखाली काय चाललंय ते बाबांना बोट सांगायचं. शिंगाळा आधी चाचपतो, मग ओढतो. तिलापिया नुसता कुरतडत बसतो. जिताडा मात्र विचारपूस करत नाही, एकदम घेऊन निघतो. खाडीतून आणून सोडलेल्या पिल्लांपैकी एखादा मोठा झालेला जिताडा लागला, की बाबांचे पाय आठवडाभर जमिनीवर नसायचे.

गेल्या वर्षी ते रिकाम्या हातांनी परतू लागले. मी दर रविवारी सासरहून, कोपरखैरण्याहून, त्यांना भेटायला जाते. "मासंच नाय राह्यलं," म्हणायचे. मीही सांडपाण्याला, बिल्डरांना, सगळ्यांना शिव्या घालून मोकळी व्हायचे.

मग एका रविवारी त्यांचा चहा घेऊन तलावावर गेले. बाबा पाण्याकडे टक लावून बसले होते आणि त्यांच्या बोटावरून तंगूस सरसर सरकत होता. त्यांना पत्ताच नव्हता. दुसऱ्याच्या गळाबद्दल आमच्याकडे मध्ये कुणी बोलत नाही, हात लावणं तर दूरच. तरी मी ओरडले, "बाबा, दोरी चालली!" त्यांनी झटका दिला तोवर मासा गेलेला होता.

त्यांनी रिकामा गळ ओढून घेतला. मग म्हणाले, "शुगरनं बोटं मेली, बाय. मना कलतच नाय." त्यांनी बाटली माझ्यापुढे सरकवली. "ने घरी. पोरं खेलतील."

मला रडू आलं आणि रागही आला. वर्षभर हा माणूस एकटाच हे गिळत बसला होता.

"माझ्या घरात प्लास्टिकचा काय दुष्काळ पडलाय?" मी म्हटलं. चपला काढून शेजारी बसले, गळ पुन्हा पाण्यात टाकला आणि तंगूस माझ्या बोटावर घेतला. "हं, आता तू विचार."

"चाचपतंय का?"

"हो."

"सोरतंय, परत येतंय?"

"हो."

"शिंगाला. थांब... आता!"

निघाला शिंगाळाच, मिशा हलवत. बाबा माझ्याकडे न बघता हसले. मग त्यांनी मला गळाला जिवंत कोळंबी लावायला सांगितली.

या वेळी त्यांना काही विचारायला सवडच मिळाली नाही. तंगूस बोटात रुतला, मी किंचाळले. "सोर, ढील दे!" बाबा ओरडत होते आणि मी घाबरून अजूनच घट्ट धरला. तंगूस तुटला. बोटातून रक्त येत होतं. आता बोलणी बसणार, असं मला वाटलं.

बाबांनी माझा हात उजेडात धरून ती चीर नीट पाहिली. "जितारा," ते म्हणाले. "मोठा व्हता." मासा गेल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर औषधालाही नव्हतं.

घरी नवऱ्याने पट्टी बांधली आणि वर लेक्चरही दिलं. बुधवारी बाबांचा फोन आला. ते स्वतःहून कधी फोन करत नाहीत.

"बोट कसं हाय?"

"दुखतंय अजून."



"मंग आयतवारी दुसरं घेऊन ये."