तोंडाला रिंग

कॅमेरा डब्यात बंद करताना बर्वे सर डोळे मिटून घ्यायचे. डब्याच्या झाकणाची काळी रबरी रिंग ते आधी बोटांतून सावकाश फिरवायचे, मग तीच खालच्या ओठावरून न्यायचे. बोटाला जे कळत नाही ते ओठाला कळतं, असं त्यांचं म्हणणं. एखादा केस, टॉवेलचं सूत, वाळूचा कण, काहीही टोचलं की रिंग पुन्हा धुवायची, पुन्हा पुसायची, पुन्हा ओठ. तेवढा वेळ होडीवर कुणी चकार शब्द काढायचा नाही. कुणी काढलाच, तर सर डोळे न उघडता म्हणायचे, "तोंडाला रिंग!"

सरांचं काम पाण्याखालचे फोटो काढायचं. रंगीत मासे आणि प्रवाळ नव्हे. शिवडीच्या बाजूला जेट्ट्यांचे खांब, बार्जचे तळ, काँक्रीटला गेलेले तडे, गंजून बाहेर आलेल्या सळ्या. तिथलं पाणी दूध घातलेल्या चहासारखं. हात लांब केला की आपलीच बोटं दिसेनाशी होतात. म्हणून भिंगापुढे स्वच्छ पाण्याने भरलेली एक पारदर्शक पेटी लावायची आणि ती खांबाला टेकवून फोटो घ्यायचा. ते पाणी सर फणसवाडीतल्या घरच्या नळाचं भरून आणत. "गिरगावचं पाणी आहे, जपून. समुद्राला जरा दाखवून आणू, चांगलं पाणी कसं असतं ते," असं म्हणत. कॅमेरा ज्या जाड डब्यात असायचा त्याला धंद्यात हाउसिंग म्हणतात, पण सरांच्या पत्नी, म्हणजे काकू, त्याला डबा म्हणायच्या, आणि मग आम्ही सगळेच डबा म्हणू लागलो.

मी त्यांच्याकडे कामाला गेले तेव्हा पाण्यात उतरायचं शिक्षण नुकतंच पुरं केलं होतं. फणसवाडीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत मुलाखत झाली. ते विचारत होते आणि मी एका-एका शब्दात उत्तरं देत होते.

"इंग्लिश मीडियम?"

"हो."

"मराठीत बोलायला लाजतेस, की मुळातच बोलत नाहीस?"

"मुळातच."

ते मोठ्याने हसले. आत वळून म्हणाले, "अगं, मिळाली! न बोलणारी मिळाली!" मग मला म्हणाले, "सोमवारपासून ये. बोलणाऱ्या माणसांनी माझा जीव नकोसा केलाय."

शाळेपासून सगळ्यांनी माझ्या गप्प बसण्याची तक्रार केली होती. तो गुण आहे असं म्हणणारा हा पहिला माणूस. मला त्यांच्याबद्दल फार कृतज्ञता वाटली. आज त्या कृतज्ञतेचाच राग येतो.

शिकवायचे मात्र उत्तम. रिंगेला वंगण लावायचं तर, "ओठाला तूप लावतेस तेवढंच. चकाकी आली की थांब. लोणी थापलंस तर जगातली सगळी धूळ तिथे राहायला येईल." कॅमेरा घालायच्या आधी रिकाम्या डब्यात टिश्यू पेपर ठेवून तो बादलीत बुडवायचा. बुडबुडा आला किंवा कागद ओला निघाला, तर त्या दिवशी डबा उतरणार नाही. काम झालं की डबा गोड्या पाण्यात, आणि पाण्यातच प्रत्येक बटण दाबून पाहायचं, कारण आत वाळलेलं मीठ पुढच्या वेळी रिंग उचलतं आणि फटीतून पाणी आत शिरतं. उन्हात ठेवायचा नाही. घरी नेल्यावर रिंग काढून वेगळ्या पिशवीत. पाणी शिरलं की वाजणारा भोंगा बसवून घ्या, असं त्यांना कुणीतरी सुचवलं, तेव्हा म्हणाले, "भोंगा वाजतो तेव्हा पाणी आत पोचलेलं असतं. मग तो भोंगा कशाला, रडायला सोबत?"

दुसऱ्या कुणाच्या कॅमेऱ्यात पाणी शिरल्याची बातमी आली की सरांचा एकच प्रश्न: "बंद करताना बोलत कोण होतं?" त्यांच्या मते कारण नेहमी हेच. रिंग खराब नसते, डबा खराब नसतो. शेजारी कुणीतरी बोलत असतं आणि हाताचं लक्ष उडतं. हे ते इतक्या ठिकाणी, इतक्या वेळा सांगत, की शिवडीपासून पुढे सगळ्या होडीवाल्यांना ते पाठ होतं.

त्यांचा आणखी एक नियम होता. ज्याने डबा बंद केला, त्यानेच तो घेऊन पाण्यात उतरायचं. दुसऱ्याच्या हाताचा भरवसा धरून कुणी खाली जायचं नाही. मी बादली करायचे, धुवायचे, पुसायचे. लालबागचा संतोष, आमचा जुना पाणबुड्या, याच्याबरोबर दिवा धरून खालीही जायचे. पण डबा बंद करायची परवानगी मला नव्हती, म्हणून कॅमेरा माझ्या हाती कधी आला नाही. आणि मला तेवढंच हवं होतं. घरी आई रोज विचारायची, असल्या घाणेरड्या पाण्यात तुझं आहे तरी काय? मी उत्तर देत नसे. त्या गढूळ पाण्यात खांबाला टेकून, त्या स्वच्छ पेटीतून एखादा तडा स्वतः पाहायचा आणि टिपायचा, हे मी तिला कुठल्याच भाषेत सांगू शकले नसते.

सरांना मात्र ते न सांगता कळलं होतं. एकदा डबा पुसताना माझ्याकडे बघून म्हणाले, "डोळे लावून बसू नकोस. दसरा होऊ दे. दसऱ्यानंतर तू बंद करशील."

खंडेनवमीला त्यांच्याकडे हत्यारांची पूजा असायची. पाटावर कॅमेरा, दिवे, कमरेचा वजनाचा पट्टा, पायातले पंखे, आणि मधोमध डबा. काकूंनी झेंडूची माळ केली होती. त्या म्हणाल्या, "अहो, डब्याचं झाकण लावा, अक्षता आत जातील." सर सोवळ्यात, खुशीत होते. "बंद डब्याची कसली पूजा? उघडा राहू दे, आशीर्वाद आत जाऊ दे," म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने कुंकवात भिजलेल्या अक्षता वाहिल्या. संतोष मला हळूच म्हणाला, "एरवी आपण शिंकलो तर बोंबलतात." सरांना ते ऐकू गेलं आणि तेही हसले. छान दिवस होता तो. काकूंनी बासुंदी केली होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शिवडीला काम होतं. एका जेट्टीचा खांब तपासायचा होता आणि जेट्टीवर मालकांचा इंजिनिअर हजर होता. ओहोटी संपून पाणी उभं राहतं, तेवढ्या अवधीतच खाली जाता येतं. सरांना यायला उशीर झाला होता. मी बादली भरून ठेवली होती. "आज बादली नको. पाणी वळेल," ते म्हणाले. इंजिनिअर वरून काहीतरी विचारत होता, आणि सर रिंग बसवता बसवता त्याला उत्तरं देत होते. रिंग ओठावरून त्यांनी फिरवली, पण डोळे उघडे होते. झाकणाखालच्या ज्या खाचेत रिंग बसते, ती खाच त्यांनी पुसलीच नाही. मी शेजारीच होते. कोपऱ्यात मला लाल काहीतरी दिसलं.

मी बोलले. होडीवर, डबा बंद होत असताना, पहिल्यांदाच.

"सर, खाचेत अक्षता आहे. एकदा पुसूया का?"

"तोंडाला रिंग!" ते गरजले. वर इंजिनिअर हसला. खटके एकामागून एक बसले आणि सर डबा घेऊन संतोषबरोबर खाली गेले.

ते लवकर वर आले. काचेच्या आत पाणी हिंदकळत होतं. होडीत बसून त्यांनी झाकण उघडलं. पाणी फिकट गुलाबी होतं. खाचेच्या कोपऱ्यात तांदळाचा अर्धा दाणा, भिजून फुगलेला, रिंगेला उचलून धरून बसला होता. सरांनी तो नखाने काढला. क्षणभर बोटावर धरला. मग समुद्रात टिचकी मारून उडवला. त्यांनी मान वर केली तेव्हा मी बघत होते, हे त्यांनी पाहिलं. संतोष अजून शिडीवर होता. आमच्या दोघांखेरीज कुणीही काही पाहिलं नाही.

"काय झालं, बर्वे?" वरून विचारणा झाली.

सरांनी पाणी ओतून दिलं. डबा उलटा केला. आणि म्हणाले, "ही पोरगी मध्येच बोलली. लक्ष उडालं."

मला वाटलं, रागाच्या भरात म्हणाले असतील. परतताना होडीत ते एकदा तरी माझ्याकडे बघतील. त्यांनी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला की सध्या काम नाही. मी संतोषला फोन केला. तो चांगला माणूस आहे. म्हणाला, "बोललंस ता खरां गो, पण काय बोललंस ता माका आयकाक येवक नाय. इंजान चालू होता." तोही खोटं बोलत नव्हता.

मग मी दुसरीकडे काम शोधायला लागले, तेव्हा कळलं की सर गप्प बसले नव्हते. हा धंदा लहान, माणसं मोजकी. एका ऑफिसात मी नाव सांगितलं तर समोरचे गृहस्थ हसून म्हणाले, "म्हणजे बर्व्यांची बडबडी ती तूच?" मी. जिच्या शिक्षकांनी प्रगतिपुस्तकात दरवर्षी लिहिलं की वर्गात बोलत नाही. ते गृहस्थ वाईट नव्हते, चहा दिला त्यांनी. काम दिलं नाही. कुणीच दिलं नाही. आता मी एका ऑफिसात बसून दुसऱ्यांनी काढलेल्या फोटोंखाली ओळी लिहिते. पाण्यात उतरून काही वर्षं झाली.

सर गेल्याचं संतोषने कळवलं. हृदयविकार, घरीच. मी लगेच गेले नाही. दिवस-कार्य उरकल्यावर काकूंचाच फोन आला, "ये एकदा. तुझी एक वस्तू आहे."

फणसवाडीतल्या त्या खोलीत सरांचा फोटो लागला होता. काकूंनी चहा ठेवला आणि आतून डबा आणून माझ्यापुढे ठेवला.

"तुला द्यायचा म्हणाले होते. त्यांच्यामागे."

मी झाकण उघडलं. रिंग काढून वेगळ्या पिशवीत ठेवलेली, वंगण चकाकीपुरतंच. खाचेवरून मी बोट फिरवलं. कोपऱ्याकोपऱ्यांतून स्वच्छ. कुठे लाल ठिपका नाही, मिठाची रेघ नाही. असं काम तेच करू शकत.

"आणखी काही म्हणाले?" मी विचारलं.

"नाही गं. पण तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्यावरचा राग त्यांनी कधीच सोडला होता. म्हणायचे, लहान आहे, बोलली चुकून. माफ केलं होतं त्यांनी तुला."

काकू ते अगदी मायेने म्हणाल्या. मी रिंगेच्या पिशवीची घडी घालत राहिले. बाहेर वाडीत कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"एक मात्र विचित्र," काकू म्हणाल्या. "त्या वर्षानंतर खंडेनवमीला डबा बंद करूनच पाटावर ठेवायचे. आणि अक्षता वाहू द्यायचे नाहीत. फूल ठेव एक, बस, म्हणायचे. मी विचारलं तर चिडायचे. का गं, तांदळाने काय होतं डब्याला?"

सरांचा फोटो समोर होता. डोळे उघडे होते.

मी सांगितलं. बादलीपासून सांगितलं, सावकाश, कुठेही आवाज न चढवता. गुलाबी पाणी, अर्धा दाणा, टिचकी. मी काय म्हणाले होते तेही, शब्दन्‌शब्द. काकू ऐकताना माझ्याकडे बघत नव्हत्या, डब्याकडे बघत होत्या. मला कुणी अडवलं नाही.

"चहा गार झाला तुझा," त्या शेवटी म्हणाल्या. "दुसरा करून आणते."

कप उचलून त्या स्वयंपाकघरात गेल्या. मी बराच वेळ बसून राहिले. आतून ना भांड्याचा आवाज आला, ना गॅस पेटल्याचा. मग मी उठले, चपला घातल्या, आणि डबा होता तिथेच, उघडा ठेवून निघाले.